निगा कोणी राखायची? संगणकप्रणालींच्या निवडीचा एक इतिहास

संगणक नवा घेताना किंवा जुना बदलताना साहित्याच्या विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला हमखास सल्ला मिळतो, आणि तो दोन परस्परविरोधी तोंडांनी मिळतो. एक जण म्हणतो, ज्याच्या आत कधी डोकवावे लागणार नाही असे यंत्र घ्या आणि आपल्या लेखनाला लागा. दुसरा म्हणतो, ज्याच्या आत डोकावता येत नाही ते यंत्र तुमचे नव्हेच. पहिल्याला दुसरा आळशी समजतो आणि दुसऱ्याला पहिला रिकामटेकडा. हा वाद सोय विरुद्ध स्वातंत्र्य असा मांडण्याची प्रथा आहे. आमच्या मते ही मांडणी अपुरी आहे. कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, कोणतीही असो. तिची निगा कोणाला तरी राखावीच लागते. बिनखटपटीची प्रणाली म्हणजे जिची खटपट आपल्या वतीने दुसरे कोणी तरी करत असते ती. तेव्हा निवड करताना आपण प्रणालीपेक्षा तिची निगा राखणारा निवडत असतो, आणि या दृष्टीने गेल्या अर्धशतकाचा इतिहास पाहिला तर दोन्ही पक्षांच्या अभिमानाला थोडा धक्का बसतो.

आरंभ युनिक्सपासून केला पाहिजे, कारण खुडबूड करणाऱ्यांच्या परंपरेचे ते मूळपीठ मानले जाते. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, पीडीपी-७ नावाच्या तेव्हाही जुन्या झालेल्या यंत्रावर ही प्रणाली घडवण्यास सुरुवात केली. डेनिस रिची लवकरच त्यांना येऊन मिळाले. त्यांना मोठे यंत्र हवे होते. पण मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून प्रयोगशाळेने नुकतेच अंग काढून घेतले होते आणि आणखी एका कार्यप्रणालीवर पैसा घालण्यास व्यवस्थापन राजी नव्हते. तेव्हा अर्ज केला गेला तो मजकूर संपादित करून नीटनेटका छापण्याची यंत्रणा उभारण्यासाठी. पीडीपी-११ हे यंत्र आले ते या कारणासाठी. ज्या प्रणालीच्या नावाने पुढे संगणकशास्त्राच्या पिढ्या घडल्या तिला पहिले धड यंत्र मिळाले ते टंकलेखनाच्या आश्वासनावर, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात सांगण्यासारखी आहे.

आश्वासन पाळण्याची वेळ १९७१ मध्ये आली. प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्ज तयार करण्यासाठी एखादी यंत्रणा हवी होती आणि ते एका व्यापारी यंत्रणेची पाहणी करत होते. युनिक्सच्या मंडळींनी आपले घोडे पुढे दामटले. त्यांच्या बाजूला दोनच गोष्टी होत्या. विभागाला लागणारी बहुतेक गणिती चिन्हे छापू शकणारे टेलिटाइप कंपनीचे ३७ क्रमांकाचे यंत्र त्यांच्या प्रणालीवर चालत असे. आणि पेटंट कार्यालयाच्या नियमाप्रमाणे पानावरील ओळींना क्रमांक देण्याची सोय त्यांनी ‘रॉफ’ या मजकूर मांडणाऱ्या आज्ञावलीत तातडीने करून दिली, जी त्या व्यापारी यंत्रणेत नव्हती. त्या वर्षाच्या उत्तरार्धात पेटंट विभागाचे तीन टंकलेखक या यंत्रावर दिवसभर अर्ज टंकित करत, सुधारत, मांडत; आणि त्याच वेळी, त्याच यंत्रावर, थॉम्पसन आणि रिची आपले प्रयोग चालवत. यंत्राची स्मृती २४ किलोबाइट, चकती अर्ध्या मेगाबाइटची. एका आज्ञावलीने दुसरीच्या स्मृतीत घुसू नये अशी कोणतीही भिंत यंत्रात नव्हती. त्यामुळे नवी आज्ञावली चालवून पाहणे म्हणजे सगळा कारभार कोसळण्याची शक्यता पत्करणे. चकती इतकी लहान की दर काही तासांनी टंकित झालेला मजकूर चुंबकीय फितीवर उतरवून जागा मोकळी करावी लागे. हे सारे रिची यांनीच पुढे आपल्या एका निबंधात नोंदवले आहे, आणि त्यात किंचित मिश्कीलपणाही आहे.

या प्रसंगाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो, कारण वादाचे दोन्ही पक्ष इथे एकाच चोवीस किलोबाइटांत नांदताना दिसतात. टंकलेखकांच्या दृष्टीने ती बिनखटपटीची प्रणाली होती. त्यांना आज्ञा ठाऊक होत्या, ओळींचे क्रमांक छापून येत होते, पुरे होते. त्यांच्या खुर्चीतून जे सुरळीत दिसत होते ते सुरळीत राहावे म्हणून दोन माणसे जीव मुठीत धरून आपली नवी आज्ञावली चालवत होती. प्रयोग यशस्वी झाला, विभागाने युनिक्स स्वीकारले आणि त्या पुण्याईवर रिची-थॉम्पसन यांना पुढचे, अधिक मोठे यंत्र मिळाले. म्हणजे खुडबूड करणाऱ्यांना खुडबुडीची मुभा मिळाली तीदेखील खुडबूड न करणाऱ्यांच्या समाधानामुळे. त्या तीन टंकलेखकांची नावे रिची यांच्या निबंधात नाहीत.

युनिक्स विद्यापीठांत गेले तेव्हा चित्र उलटले. बेल प्रयोगशाळेची मालक एटी अँड टी कंपनी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने बांधलेली होती. दूरध्वनीखेरीज अन्य धंदा तिला करता येत नसे. त्यामुळे युनिक्स मूळ आज्ञावलीसह विद्यापीठांना दिले जाई, पण सोबत दुरुस्ती नाही, मदत नाही, आणि पैसे आधी. बिघाड झाला तर ज्याचा त्याने निस्तरावा. आज जिला आपण खुली, सामुदायिक, सहकारी संस्कृती म्हणून गौरवतो तिची एक मोठी मुळी या बेवारशीपणात आहे. विद्यापीठांतील मंडळी एकमेकांना दुरुस्त्या पाठवू लागली ती आरंभी तत्त्वासाठी नव्हे, तर निगा राखणारे कोणीच नव्हते म्हणून. बर्कली येथे बिल जॉय यांनी १९७७ पासून आपल्या सुधारणांसह युनिक्सचे वाटप सुरू केले ते याच ओघात. तत्त्वज्ञान मागून आले. ते खोटे आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क हा नैतिक प्रश्न म्हणून प्रथमच इतक्या स्पष्टपणे उभा राहिला. पण दुरुस्ती करता येणे हा हक्क आणि दुरुस्ती करावी लागणे ही सक्ती या दोन गोष्टी आहेत, आणि या परंपरेच्या भक्तांनी पुष्कळदा दुसरीची गणती पहिलीत केली आहे.

विरुद्ध टोकाला मॅकिंटॉश. जेफ रास्किन यांनी १९७९ मध्ये या यंत्राची कल्पना प्रथम कागदावर मांडली तेव्हा त्यांच्यासमोर रस्त्यावरचा सामान्य माणूस होता. कोणत्याही कारणासाठी यंत्राचा अंतर्भाग पाहण्याची पाळी ज्याच्यात येते ते यंत्र या कल्पनेत बसत नाही, अशी त्यांची अट होती. रास्किन प्रकल्पातून बाहेर पडले, स्टीव्ह जॉब्स यांनी तो हाती घेतला आणि २४ जानेवारी १९८४ रोजी जे यंत्र बाजारात आले त्यात ही अट आणखी कडक झालेली होती. जोडकार्डे बसवण्यासाठी खाचा नाहीत, आणि पेटी उघडायची तर खास लांब दांड्याचा पेचकस हवा. गंमत अशी की पेटीच्या आतल्या बाजूस निर्मात्यांच्या सह्या उमटवलेल्या होत्या. ज्या जागी ग्राहकाने कधी पाहू नये अशी योजना, तिथे सह्या! ज्याने घर बांधले त्याची निगाही तोच राखणार, अशी ही वाटणी. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकाची आणि त्याच्या डॉस प्रणालीची रीत वेगळी होती. तिथे स्मृतीचे ६४० किलोबाइट कोणाला किती द्यायचे याचा हिशेब मालकाने स्वतः एका फाइलीत लिहून ठेवायचा.

या दोन रीतींवर सर्वांत प्रसिद्ध भाष्य साहित्याच्या माणसानेच केले आहे. उंबेर्तो एको यांनी १९९४ मध्ये ‘लेस्प्रेसो’ या इटालियन साप्ताहिकातील आपल्या सदरात लिहिले की मॅकिंटॉश कॅथलिक आहे आणि डॉस प्रोटेस्टंट. एक भक्ताला पायरीपायरीने, गोंजारत, मोक्षापर्यंत नसले तरी कागद छापून निघण्याच्या क्षणापर्यंत पोहोचवतो. दुसरा ग्रंथाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा म्हणतो, कठीण निर्णय घ्यायला लावतो आणि सर्वांचाच उद्धार होईल असे गृहीत धरत नाही. विंडोज त्यांच्या मते अँग्लिकन पंथासारखे फुटून निघालेले. प्रासादात भव्य विधी चाललेले, पण मनात आले तर गुपचूप डॉसकडे परतण्याची सोय ठेवलेली. लेख खुसखुशीत आहे आणि चिन्हमीमांसेच्या अध्यापकाला शोभेल असाच आहे. मात्र त्यात भक्त आहे, ग्रंथ आहे, पुरोहित आहे, गुरव नाही. देवळाची झाडलोट कोण करतो, दिव्यात तेल कोण घालतो, हा प्रश्न एकोंनी विचारला नाही. तो विचारला असता तर कॅथलिक-प्रोटेस्टंट ही जोडी इतकी सुबक बसली नसती असे आम्हांला वाटते. प्रोटेस्टंट म्हणवणाऱ्या डॉसची मूळ आज्ञावलीही मॅकिंटॉशसारखी कुलूपबंदच होती. ग्रंथाचा अर्थ लावायला मोकळीक, पण ग्रंथ पाहायला नाही.

ग्रंथ खरोखर उघडा करणारी प्रणाली त्या वेळी तीन वर्षांची झाली होती. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तीच लिनक्स. नव्वदच्या दशकात ती आपल्या यंत्रावर बसवणे हा एक संस्कारच होता. पडद्यावर चित्र उमटावे म्हणून पडद्याच्या कंप्रतेचे आकडे हाताने भरावे लागत, आणि चुकीचे आकडे भरल्यास पडद्यालाच इजा पोहोचू शकते असा इशारा माहितीपत्रकांत असे.

या काळाचा कादंबरीकाराने लिहिलेला दस्तऐवज म्हणजे नील स्टीफन्सन यांचा ‘इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन’ हा १९९९ चा दीर्घ निबंध. त्यात प्रणालींची तुलना एका चौकातील वाहनविक्रेत्यांशी केली आहे. विंडोज म्हणजे ओबडधोबड कौटुंबिक गाडी. मॅक म्हणजे देखणी पण मोहोरबंद यंत्राची गाडी. आणि रस्त्याकडेच्या तंबूंत स्वयंसेवक रणगाडे बांधत आहेत, कधीही बंद न पडणारे आणि फुकट, तरी गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही. हा रणगाडा म्हणजे लिनक्स. खुडबुडीच्या पक्षाने हा निबंध डोक्यावर घेतला. पण त्यातील एक तपशील सहसा निसटतो. स्टीफन्सन मुळात मॅकचे निष्ठावंत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्यांच्या पॉवरबुकने एक मोठा, महत्त्वाचा मजकूर असा गिळला की हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या दोन वेगवेगळ्या आज्ञावल्यांना त्याचा मागमूसही लागला नाही. त्यानंतर ते लिनक्सकडे वळले. लेखकाला रणगाडा हवा होता तो लिहिलेले हरवू नये म्हणून. रणगाड्याचे पट्टे आवळत बसण्याची हौस दुय्यम होती.

म्हणूनच पुढची गोष्ट आम्हांला विसंगत वाटत नाही. ॲपलने डिसेंबर १९९६ मध्ये नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. तिची प्रणाली बर्कलीच्या युनिक्सवर उभी होती. तिच्यातून घडलेली मॅक ओएस टेन मार्च २००१ मध्ये बाहेर पडली. ही प्रणाली मिळू लागताच आपण ती घेतली आणि मागे वळून पाहिले नाही, त्यामुळे आपल्या निबंधाचा बराच भाग आता कालबाह्य झाला आहे, असे स्टीफन्सन यांनी २००४ मधील एका मुलाखतीत सांगून टाकले. काहींना हे पक्षांतर वाटले. खरे तर पेटंट विभागातील टंकलेखकांचीच व्यवस्था इथे तीस वर्षांनी परतली होती. खाली थॉम्पसन-रिचींचा वारसा, वर लेखक, आणि मधली झाडलोट पगारी माणसांकडे. आणि याच वर्षांत ‘बरोक सायकल’ ही तीन अवाढव्य ग्रंथांची कादंबरीमाला त्यांनी शाईच्या लेखणीने हाताने लिहिली, हेही जाता जाता सांगायला हवे.

खुडबुडीची बाजू पूर्ण न्यायाने मांडायची तर डोनाल्ड कनूथ यांचे नाव घ्यावे लागते. आपल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली. नव्या तंत्राने जुळवलेली ती अक्षरे त्यांना इतकी कुरूप वाटली की अक्षरजुळणीची आज्ञावली आपणच लिहावी असे त्यांनी ठरवले. लवकरच संपेल असे वाटलेले ‘टेक्’चे काम दहा वर्षांहून अधिक चालले. गणिती मुद्रणाचा चेहरा त्याने बदलला. जगभरचे गणितज्ञ आजही तिच्यात लिहितात. पण ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ चा आणि चौथ्याचा पहिला भाग २०११ चा. ही सारी वर्षे टेक्ने खाल्ली असे म्हणणे अन्यायाचे होईल. काही खाल्ली हे मात्र उघड आहे. बोरू तासता तासता कोणी नवा बोरू घडवला तर जग त्याचे ऋणी राहते. बाकीच्या हजारोंच्या हाती भुसा उरतो, आणि आपण कनूथ नाही हे बहुतेकांना फार उशिरा कळते. स्वतः कनूथ यांनी २००८ मध्ये सांगितले होते की ते उबुंटू लिनक्स वापरतात, तेही आंतरजालाशी न जोडलेल्या संगणकावर. जालावर हिंडण्यासाठी मॅक आहेत, पण मोलाची चीजवस्तू ते लिनक्सवरच ठेवतात. उबुंटू म्हणजे ऑक्टोबर २००४ मध्ये आलेली, डेबियनवर आधारलेली आणि बसवण्याची कटकट जवळजवळ संपवणारी लिनक्स. जून २००६ च्या आवृत्तीपासून तिने काही आवृत्त्यांना दीर्घकाळ निगेची हमी दिली. म्हणजे रणगाडेवाल्यांनीही अखेर दुरुस्तीची गॅरेजे काढली.

अशी हमी जिथे असते तिथे तिची अखेरची तारीखही असते, आणि ती आपण ठरवत नाही. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी तिची निगा थांबवली. यावर एक उपाय म्हणजे काळच थांबवणे. कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर सांगितले की ते डॉसच्या यंत्रावर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात आणि ते यंत्र जालाला जोडलेले नाही. वर्डस्टारची ही आवृत्ती १९८७ ची. याहून कमी निगा मागणारी व्यवस्था शोधून सापडणार नाही; मात्र ती ज्याच्या हस्तलिखिताची प्रकाशक वाट पाहतात त्यालाच परवडते.

इथवरचा विचार रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचा झाला. त्यांनी कोणतीही प्रणाली निवडली तरी त्यांची अक्षरे बहुधा शाबूत राहिली. मराठीत लिहिणाऱ्यांना बिनखटपटीची किंमत निराळ्या ठिकाणी मोजावी लागली. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील मुद्रणालये आणि नियतकालिके संगणकावर आली ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांच्या आधारे. रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे, काने, मात्रा, अर्धी व्यंजने बसवायची, अशी ती युक्ती होती, आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्या काळी हा निर्णय शहाणपणाचाच होता, कारण विंडोजवर आणि पेजमेकरमध्ये मराठी लगेच उमटत असे. इस्की हे भारतीय लिप्यांचे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये जाहीर झालेले होते आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीतदेखील ती आपोआप चालू नसे. नियंत्रणपटलात जाऊन भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी मागितली जाई. ज्यांनी तेव्हा ही खुडबूड केली त्यांचे लेखन आज कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता येते, शोधता येते. ज्यांनी सोयीची वाट धरली त्यांच्या फाइली तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर उघडल्या की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कालवा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचण्याची किल्ली फाँटात असते, आणि फाँट परक्याच्या मालकीचा.

म्हणून आमचे मत असे की साहित्याच्या माणसाने प्रणाली निःसंकोच बिनखटपटीची घ्यावी, आणि वाचलेल्या वेळातील थोडा आपला मजकूर कोणत्या रूपात साठतो आहे हे पाहण्यात घालवावा. प्रणाली बदलता येते. वीस वर्षांचा लेखसंग्रह बदलणे हे काय काम आहे ते जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये मजकूर आणणाऱ्यांना विचारावे. फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार फाँटांत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षरे आली की परिवर्तकाची गणिते चुकू लागतात आणि मुद्रितशोधकाला पानन् पान डोळ्यांखालून घालावे लागते. शिवाय ‘दऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक रीत शोधली तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. जुन्या अंकांच्या फाइली परिवर्तित करताना यांपैकी कोणती रीत सर्वत्र ठेवायची, हे अजूनही ज्या त्या संपादकाला एकदा बसून ठरवावे लागते.